शालीविना सत्कार

वैशाखातील बडोद्यात माणसाच्या खांद्यावर लोकरीची शाल घालणे ह्यास सत्कार म्हणावे की शिक्षा, हा प्रश्न आमच्या बैठकीत प्रथम विचारला तो एका घरच्या धाकट्या सूनबाईंनी. प्रश्न विनोदाने विचारला गेला आणि हशात विरलाही. पण पुढील दोन महिन्यांत आम्हांस जे जे ठरवावे लागले त्याची किल्ली त्याच प्रश्नात होती, हे मागाहून ध्यानात आले.

सुभानपुऱ्यात आमची मराठी घरे विखुरलेली आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी येथे वाडेच्या वाडे मराठी असत, तसे इकडे नाही. इकडची वस्ती वाढली ती कोयालीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाल्यानंतर, कारखान्यांच्या नोकऱ्यांच्या मागोमाग. तेव्हा कोणी गायकवाडी काळापासूनचे बडोदेकर, कोणी नागपूरकडून बदलीवर येऊन राहिलेले, कोणी खानदेशातील. गणपतीत एकत्र यायचे, एरवी जिन्यात भेट झाली तर भाजीचे भाव बोलायचे. ह्या विखुरलेल्या घरांना दर रविवारी दुपारी एका व्हरांड्यात आणून बसविले ते एका पाळकसाहेबांनी. तेच आता निवृत्त होऊन जूनमध्ये नगरकडे परत जाणार होते.

पाळकसाहेबांचे नाव येथे देत नाही. छापील नावाचा त्यांस संकोच आहे. त्यांची उपासना गुजराती मंडळीत, गुजराती भाषेत. बडोद्यातील ख्रिस्ती बांधवांत गुजरातीभाषकच पुष्कळ, त्यामुळे रविवारची सकाळ गुजराती. दुपारी मात्र हा मनुष्य आपल्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून आमच्या मुलांस बालबोध लिहावयास शिकवीत असे. मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी. गुजराती त्यांस रस्त्यावर, दुकानात आणि शाळेतही भेटते. मराठी बोलतात ती आजीशी, आणि तीही अर्धीमुर्धी. लिहावयास बसली की अक्षरांच्या माथ्यावर रेघ नसते, कारण गुजरातीला ती लागत नाही. पाळकसाहेब त्यांच्या वह्यांवरून हात फिरवीत म्हणत, 'बाळांनो, अक्षरे उघड्या डोक्याने उन्हात उभी आहेत, त्यांना टोप्या घाला.' मग मुले माना खाली घालून एकेका शब्दावर शिरोरेखा ओढीत बसत. सोळा वर्षे हे चालले. फी नाही, नोंदवही नाही, धर्माचा शब्द नाही. मुलांनी विचारले तर येशूच्या गोष्टी सांगत, तशाच बिरबलाच्याही सांगत.

तेव्हा त्यांस निरोप द्यावयाचा हे ठरविण्यास कोणाची हरकत नव्हती. कसा द्यावयाचा, येथे गाडे अडले.

आमच्या तरुण मंडळींच्या मनात 'थीम पार्टी' होती. हल्ली मुलांचे वाढदिवससुद्धा एखादे सूत्र धरून होतात; कोठे जंगल, कोठे समुद्र, सजावटीपासून केकपर्यंत सारे त्याच सूत्रात. ह्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. आपली हळदीकुंकवे तरी काय होती? चैत्रगौरीपुढची आरास, कलिंगडाची कमळे, कैरीची डाळ, पन्हे. सूत्र धरून केलेला तो समारंभच असे. म्हणून आम्ही वडीलधाऱ्यांनी सूत्र मान्य केले आणि ते शोधण्याचे काम तरुणांकडे दिले.

त्यांनी शोधले ते 'मेंढपाळ'. पाळक ह्या शब्दातच कळप राखणारा आहे, ख्रिस्ती वाङ्मयात ती प्रतिमा पदोपदी येते. तर्क बिनतोड होता. पुठ्ठ्याचे खजूर, पांढरी चादर पसरून टेकड्या, पाळकसाहेबांच्या हाती सजविलेली काठी आणि बारा-पंधरा मुले अंगाला कापूस चिकटवून मेंढरे. कापूस आणलाही गेला. चार पिंजलेल्या गुंडाळ्या एका घरच्या पलंगाखाली कित्येक दिवस होत्या. कोणाच्या ध्यानात आले नाही की सायंकाळी सातलाही भिंती तापलेल्या असतात आणि कापसात गुंडाळलेले सात वर्षांचे पोर दहा मिनिटांत घेरी येऊन पडेल. दुसरी अडचण अधिक नाजूक होती. एका निवृत्त मास्तरांनी ती काढली. ते म्हणाले, 'मंडळीला मेंढरे म्हणणे हा त्यांच्या घरातील शब्द आहे. तो त्यांनी आपसांत प्रेमाने वापरावा. आपण बाहेरून जाऊन त्याचे सोंग आणले तर ते कौतुक वाटेल की चेष्टा, हे आपल्याला कळणारही नाही.' कापूस पुढे उशांत गेला.

ह्याच सुमारास दुसरी चूक उघडकीस आली. आम्ही समारंभ मार्च अखेरीस ठरवीत होतो. पाळकसाहेबांच्या मंडळीतील एका बाईंनी हळूच सांगितले की तो लेंटचा काळ आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार वगळता चाळीस दिवस उपासाचे, चिंतनाचे. त्यातला शेवटचा आठवडा तर दुःखसहनाचा. त्या दिवसांत जेवणावळ घातली असती तर पाळकसाहेब आले असते, जेवलेही असते, आणि आम्ही काय केले हे आम्हांस कधीच समजले नसते. आपण श्राद्धपक्षात लग्न काढीत नाही. दुसऱ्याच्या पंचांगाची मात्र चौकशी करावीशी वाटत नाही. शनिवार-रविवारही बाद झाले. शनिवारी ते प्रवचनाची तयारी करतात आणि रविवार तर त्यांचा कामाचाच दिवस. त्यांचा विसाव्याचा वार सोमवार. म्हणून ईस्टरनंतरचा, मुलांच्या परीक्षा आटोपल्यानंतरचा सोमवार ठरला. मंडळीचा निरोपसमारंभ निराळा होता आणि तो आधी व्हावा हेही आम्ही मुद्दाम पाहिले. पहिला मान त्यांचा.

सूत्र मात्र अजून सापडले नव्हते. ते सापडले पंचाऐंशी वर्षांच्या एका आजींमुळे. दुपारच्या वेळी त्या नातीकडून 'स्मृतिचित्रे' वाचवून घेत होत्या. डोळ्यांनी आता दिसत नाही आणि नातीला मराठी वाचण्याचा सराव हवा, असा दुहेरी लाभ. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र ज्या घरात आहे तेथे ते एकदाच वाचले गेले आहे असे सहसा होत नाही. आजी नातीस म्हणाल्या, 'अगं, तुमच्या पाळकांचा समारंभ करता आणि टिळकांची आठवण कशी होत नाही? पाळक आणि कवी, आणि कवी कोणाचा, तर फुलामुलांचा!'

'फुलामुलांचे कवी' ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ओळख आमच्या पिढीला शाळेतच झालेली. 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची कविता वर्गात म्हणताना ज्याचा गळा दाटला नाही असा विद्यार्थी विरळा. पण त्यांचे चरित्र घरातील तरुणांस ठाऊक नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही ते तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक होते. म्हणून पुढील बैठक पुस्तक मध्ये ठेवूनच झाली.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढील काही वर्षे पतिपत्नी दूर राहिली; मग एकत्र आली; आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. सोवळेओवळे सुटत जाण्याची ती सारी हकीकत त्यांनी अशा हसतमुख शब्दांत लिहिली आहे की वाचणाऱ्याने आधी हसावे आणि पान उलटल्यावर गप्प व्हावे. १९०४ साली टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले. अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' ह्या १८४२ साली निघालेल्या पत्राचे मराठी अंग ते अखेरच्या वर्षांत सांभाळीत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्याशाची वृत्ती पत्करली आणि 'देवाचा दरबार' उभारण्याच्या खटपटीस लागले; दोन वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ज्या बाईंना लग्नानंतर अक्षरओळख करून घ्यावी लागली त्या लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढचे ६४ अध्याय रचले. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत जे 'उपासना-संगीत' गातात त्यात टिळकांच्या पदांचा वाटा मोठा आहे. त्या पदांची चाल अभंगाची, भजनाची आहे. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवून गाणाऱ्या मंडळींना त्यांनी टाळ-मृदंग परत दिला म्हणा ना.

बडोद्याचाही ह्यात एक बारीकसा धागा आहे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. त्याच्या खटपटीत टिळक होते आणि अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. 'बालकवी' हे नाव ठोमऱ्यांस तेथेच मिळाले. हेच कीर्तिकर दोन वर्षांनी, १९०९ साली, आमच्या बडोद्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. सयाजीराव महाराजांचा तो काळ. तीनच वर्षांपूर्वी, १९०६ साली, त्यांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. ज्या शहरात राजाने पोरांस शाळेत बसविण्यासाठी कायदा केला तेथे आमची पोरे स्वभाषेत सहीसुद्धा करू शकत नाहीत, ही खंत मास्तरांनी त्या बैठकीतही बोलून दाखविली. ती ते प्रत्येक बैठकीत बोलून दाखवितात.

तर सूत्र ठरले: फुले आणि मुले. बाजारची फुले आणावयाची नाहीत. खंडेराव मार्केटात जाऊन झेंडूच्या माळा आणणे सोपे; पण प्रत्येक मुलाने आपल्या कुंडीतले, अंगणातले किंवा वाटेवरचे एकच फूल आणावयाचे, त्याच्याबरोबर एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर फुलाचे मराठी नाव नि पाळकसाहेबांस चार ओळी, स्वहस्ताक्षरात, शिरोरेखेसह. मोठ्यांनी मदत करावयाची नाही. भाषण कोणाचेही नाही. मुले आपल्या चिठ्ठ्या वाचतील तेवढेच. मग टिळकांची दोन पदे, एक छोटे कीर्तनवजा आख्यान आणि जेवण.

कीर्तन म्हणताच एका घरातून विरोध झाला. विरोध करणारे आजोबा आमच्यांतील सर्वांत मानाचे. त्यांनी शांतपणे सांगितले, 'सत्कारास मी वर्गणी दिली आहे, आणखी मागाल तर देईन. त्या गृहस्थाने माझ्या नातवास लिहायला शिकविले आहे. पण कीर्तन म्हणजे नारदाची गादी. तेथे उभे राहून कोणाचे आख्यान लावणार?' आम्ही त्यांस सांगितले की ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगरकडे शंभराहून अधिक वर्षांची आहे. टिळक स्वतः कीर्तने करीत. ते म्हणाले, 'करीत असतील. मला ते रुचत नाही, एवढेच.' वाद झाला नाही. लपवावयाचे कशाला, आमच्यांतील दोघांतिघांना आत कोठेतरी त्यांचे म्हणणे पटलेही होते. १८९५ साली टिळकांच्या घरात जे घडले त्याचा एक अगदी फिका पडसाद आमच्या दिवाणखान्यात उमटला होता. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादेस, म्हणजे आताच्या धाराशिवास, ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले, तेव्हाही त्यांच्या निवडीवर काहींनी आक्षेप घेतलाच होता. आणि मराठी वाचकाने त्यांस अध्यक्ष म्हणून मानलेही. आजोबांपुढे हे उदाहरण कोणी ठेवले नाही. ठेवून उपयोग नव्हता. प्रश्न माहितीचा नव्हता, तो मनाचा होता.

शेवटी आख्यान लावले ते टिळक आणि लक्ष्मीबाई ह्यांच्या संसाराचेच. कोणाच्या देवाचे नाही, एका मराठी घराचे. कीर्तनकार म्हणून नागपूरकडच्या आमच्या एका वहिनी उभ्या राहिल्या. त्यांच्या वडिलांमुळे त्यांस पूर्वरंग-उत्तररंगाची थोडी जाण आहे. तबला मिळाला, झांजा मिळाल्या. पेटी मात्र कोणाकडे नव्हती. ती फक्त आजोबांकडे होती. मागावयास कोणी गेले नाही.

आता लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाने आमचा आणखी एक डोळा उघडला, ते सांगावयास हवे. निमंत्रणाचा मसुदा तयार झाला. त्यात 'आदरणीय पाळकसाहेबांचा सत्कार' असे होते. आजींची नात तो वाचून म्हणाली, 'आणि मावशींचा?' सारे गप्प. मुले ज्यांना मावशी म्हणतात त्या पाळकसाहेबांच्या पत्नी. सोळा वर्षे रविवारच्या रविवार व्हरांडा झाडून सतरंजी घालणाऱ्या त्या, माठ भरून ठेवणाऱ्या त्या, आणि नाताळात करंज्या-चकल्यांचे ताट घरोघरी पोहोचविणाऱ्याही त्याच. त्या ताटातील करंजी आमच्या दिवाळीच्या करंजीहून खुसखुशीत असते, हे मान्य करण्यास आमच्या स्त्रीवर्गाने दहा वर्षे घेतली. लक्ष्मीबाईंचे पुस्तक मध्ये ठेवून आम्ही सत्काराची आखणी करीत होतो, आणि घरच्या लक्ष्मीबाईच विसरलो होतो. मसुदा फाडला. दोघांची नावे घातली, आणि दोघांसाठी सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या सांगितल्या. खुर्चीची उंची क्षुल्लक वाटेल; पण अशा समारंभांतून सौभाग्यवतींस बाजूच्या स्टुलावर बसविलेले आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहे.

मग ओटीचा प्रश्न आला. भरावी की न भरावी? कुंकू लावावे की नाही? स्त्रियांत दोन दिवस खल झाला. अखेर एकीने साधी युक्ती केली. सरळ त्यांच्याकडे जाऊन विचारले. मावशी हसल्या. म्हणाल्या, 'कुंकू राहू द्या. गजरा द्या, माळीन. नारळ द्याल तर आनंदाने घेईन, घरात खोबरे लागतेच. तांदूळ नकोत, आम्ही सामान आवरतो आहोत.' दोन दिवसांचा खल पाच मिनिटांत संपला. वाचक भगिनींस आमची एवढीच सूचना आहे की ज्याचा मान करावयाचा त्यास आधी विचारल्याने मान कमी होत नाही.

पाळकसाहेबांनीही आपली अट कळविली: शाल नको, मानपत्र नको, पैशाचे पाकीट तर नकोच. तेव्हा दर घरटी वर्गणीतून जमले त्याची पुस्तके घेतली. लाकडी पेटीत मुलांची मराठी पुस्तके भरून ती व्हरांड्याच्या नावाने सुभानपुऱ्यातच ठेवावयाची. त्यांना द्यावयाच्या भेटीसाठी फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी प्रत मास्तरांनी पुण्याहून मिळविली. इंग्लंडात जन्मलेल्या ह्या जेझुइटाने गोव्यात राहून मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या आणि मराठीचे गुणगान केले. पण १६१६ साली ते पुराण राशोलला छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. ही गोष्ट ऐकून आमच्या एका भाच्याने आपला मोबाईल गुपचूप खिशात घातला. त्याचे सारे मराठी निरोप रोमन अक्षरांतच असतात. स्टीफन्सजवळ खिळे नव्हते, ह्याच्याजवळ तीही सबब नाही.

सोमवार उजाडला. सोसायटीच्या पटांगणात दुपारीच पाणी मारले होते. जेवणास आमरस-पुरी, मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा आणि जिलेबी. शेजारची गुजराती कुटुंबेही बोलाविलेली असल्याने सारे शाकाहारी. पाळकसाहेबांच्या मंडळीतील पाचसहा घरे आली. त्यांनी ढोकळ्याच्या पराती आणल्या, न सांगता. केळीचे खुंट, आंब्याची तोरणे आणि मधोमध एक लांब मेज, त्यावर पितळी तांब्ये, पाण्याने भरलेले, रिकामे. मुलांनी फुले तेथे ठेवावयाची.

सहा वाजता आजोबांचा नातू घाम पुसत आला. त्याच्यामागे रिक्षावाला. दोघांच्या मध्ये आजोबांची पेटी, मखमली गवसणीत. चिठ्ठी होती: 'काळी चार दाबून धरू नये. अडकते.' आजोबा स्वतः उशिरा आले, अगदी मागच्या रांगेत बसले.

मुले एकेक करून पुढे आली. मोगरा, तगर, सदाफुली, जास्वंद, कण्हेर. एका मुलीने बहाव्याचा झुबका आणला होता, तिच्या उंचीएवढा. चिठ्ठ्या वाचताना 'चमचा' आणि 'झाड' ह्यांचे उच्चार पुष्कळांचे गुजरातीच्या वळणाने होत होते. त्या च-झ ची मराठी धाटणी ज्याला आईच्या मांडीवर लाभली नाही त्यास ती शिकविणे फार कठीण. एकीने लिहिले होते की काकांनी तिला आजीचे पत्र वाचावयास शिकविले आणि आजी गेल्यावर ती जुनी पत्रे घरात तिलाच वाचता येतात. ती मुलगी अकरा वर्षांची आहे. तिची आई आमच्याशेजारी बसली होती. तिने मान वर केली नाही.

एक मुलगा शेवटपर्यंत उठला नाही. हाय टेन्शन रोडच्या बाजूस एका खोलीत राहणारे कुटुंब, वडील पाळीवर कामास. घरात कुंडी नाही. पाळकसाहेबांनीच त्यास नावाने हाक मारली. तेव्हा त्याने मुठीतून रुईचे फूल काढले. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेतून आणलेले, चिकाने हात माखलेले. चिठ्ठीत एकच ओळ होती आणि तीत तीन चुका होत्या. शिरोरेखा मात्र पट्टीने ओढावी तशी सरळ. पाळकसाहेबांनी ती चिठ्ठी वाचली आणि खिशातून पेन्सिल काढून, सवयीने, एक ऱ्हस्व दीर्घ केला. मग एकदम थांबले, पेन्सिल परत ठेवली आणि चष्मा काढून पुसू लागले. बराच वेळ ते तो पुसत होते. मावशींनी उठून ते रुईचे फूल तांब्यात ठेवले. मोगऱ्याशेजारी जागा करून.

आख्यान वहिनींनी चांगले रंगविले. दोन ठिकाणी अडल्या, तेव्हा पाळकसाहेबांनीच खुर्चीतून पद उचलून धरले. त्यांच्या मंडळीतील गुजराती बायका टाळ्यांच्या ठेक्यात सामील झाल्या. मराठी सारे त्यांना कळत नव्हते, चाल कळत होती. काळी चार अर्थातच अडकली. आजोबा जागेवरूनच 'हां!' म्हणाले आणि सारे हसले. जेवणास ते थांबले नाहीत. जाताना मात्र पुढे येऊन पाळकसाहेबांच्या दोन्ही हातांस हात लावला. काय बोलले ते आम्हांस ऐकू आले नाही. पेटी दुसऱ्या दिवशी परत केली, तेव्हा ती पुरती तपासून घेतल्यावाचून त्यांनी आत ठेवली नाही.

खर्चाचा हिशेब सूनबाईंनी मांडला आहे आणि तो कोणासही पाहावयास मिळेल. वर्गणीतून थोडे उरले होते, त्याची खडूची डबी आणि एक फळा घेतला.

जूनच्या पहिल्या रविवारी पुस्तकांची पेटी मास्तरांच्या ओसरीवर उघडली. मुले सातच आली. आम्ही पाळीपाळीने शिकवावयाचे ठरविले होते आणि पहिली पाळी आमची होती. शब्द घातला 'पुनरुक्ती'. फळ्यावर लिहून झाल्यावर रु ऱ्हस्व की दीर्घ, ह्यावर आम्हां तिघा शिक्षकांतच मतभेद झाला. मुले मोठ्या आशेने पाहत होती. शेवटी रुईच्या फुलाच्या मुलाने सुचविले, 'पाळककाकांना पत्र लिहून विचारू या का?' पत्र त्यानेच लिहिले. मावशींचे उत्तर आठ दिवसांनी आले: पाळकसाहेब नगरच्या घराचे छप्पर दुरुस्त करीत आहेत, रु ऱ्हस्व आहे, आणि पत्त्यातील 'जिल्हा' शब्दावर शिरोरेखा राहिली होती.